सीबीसीटीत घसा लाल दिसला म्हणजे स्लीप ॲप्निया झाला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. वय ४४, वरचे-खालचे मिळून दातांचे चार इम्प्लांट बसवायचे म्हणून सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्यांचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन, काढली, रिपोर्टसोबत एक रंगीत चित्र आलं, त्यात घशातली हवेची नळी मधेच लाल झालीय आणि खाली लिहिलंय 'सर्वांत अरुंद जागी ६८ चौरस मिमी'. घरचे म्हणतात तुम्ही घोरता, दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागतो, वजन मात्र फार नाही. आणि तुम्हाला सांगण्यात आलं की हा स्लीप ॲप्नियाच आहे, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा आजार, झोपेच्या टेस्टच्या भानगडीत पडू नका, खालचा जबडा पुढे धरणारं माउथपीस बनवून घ्या. टेस्ट करू की थेट माउथपीस, असं तुम्ही विचारताय.

टेस्ट करा. माउथपीस नंतर, लागलं तर. पण 'स्कॅनमध्ये दिसतंयच तर टेस्ट कशाला' हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, पेशंटकडून कमी, डेंटिस्ट मंडळींकडून जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी ओरल रेडिओलॉजिस्ट आहे, दातांचे-जबड्यांचे एक्स-रे आणि सीबीसीटी वाचून रिपोर्ट लिहिणं हेच माझं काम, सतरा वर्षं झाली. झोपेच्या आजाराचं निदान मी करत नाही, ते स्लीप फिजिशियनचं काम, पण त्या निदानाच्या आधी आणि नंतर येणारे स्कॅन माझ्याच स्क्रीनवर असतात त्यामुळे चित्र आणि झोप यांची गाठ कुठे जुळते आणि कुठे अजिबात जुळत नाही हे रोजच बघायला मिळतं.

आधी या आजारात होतं काय ते बघू. नाकापासून श्वासनलिकेपर्यंत हवा जाते त्या वाटेत नाकाला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत, पण मधला भाग, टाळूच्या मागून ते जिभेच्या मुळाच्या खालपर्यंतचा, त्याला आधार द्यायला कडक असं जवळपास काही नाही. मऊ टाळू, पडजीभ, जीभ, बाजूचे स्नायू, थोडी चरबी, एवढंच. जागेपणी ही वाट उघडी राहते कारण स्नायू सतत ड्युटीवर असतात, जिभेचा मुख्य स्नायू तर प्रत्येक श्वासाच्या किंचित आधी ताणला जाऊन जीभ पुढे धरून ठेवतो. झोप लागली की हे पहारेकरी ढिले पडतात, श्वास आत ओढताना नळीच्या आत दाब कमी होतो आणि ज्याची नळी मुळात मिटायच्या बेतात आहे त्याची मिटते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास जवळपास थांबला तर तो ॲप्निया, अर्धामुर्धा कमी होऊन ऑक्सिजन घसरला किंवा झोप चाळवली तर हायपॉप्निया, आणि तासाला असे एकूण किती प्रकार झाले तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ च्या खाली असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. आता या सगळ्या व्याख्येत नळी किती मिलिमीटर रुंद आहे हे कुठे आलं का बघा. कुठेच नाही. मोजायच्या आहेत त्या झोपेत घडणाऱ्या घटना, आणि तुमचा स्कॅन काढला तेव्हा तुम्ही टक्क जागे होतात.

याचा अर्थ रुंदीला महत्त्व नाही असा मुळीच नाही. सरळ नळीत संथ वाहणाऱ्या हवेचा हिशोब धरला तर त्रिज्या निम्मी झाली की रोध १६ पट होतो, त्यामुळे अरुंद घसा हा धोका आहेच, आणि ज्यांना ॲप्निया आहे अशांच्या गटाची सरासरी नळी इतरांपेक्षा लहान निघते हेही खरं. पण सरासरी गटाची असते, पेशंट एकटा येतो. एकाच रुंदीच्या दोन माणसांत एकाचे स्नायू झोपेतही चटकन ताणले जातात आणि नळी सावरतात, दुसऱ्याचे नाहीत. एकाला जरा श्वास अडला की लगेच जाग येते आणि पुन्हा पुन्हा झोप मोडते, दुसरा निवांत झोपून राहतो आणि तेवढ्यात श्वास आपोआप सुधारतो. एकाचं श्वासाचं नियंत्रण शांत असतं, दुसऱ्याचं उगाच जास्त प्रतिक्रिया देतं, म्हणजे श्वास अडला की घाईने खूप श्वास घ्यायचा, मग कार्बन डायऑक्साइड इतका कमी करून ठेवायचा की पुन्हा श्वास मंदावतो. हे तीन आणि चौथी शरीररचना, अशा चार गोष्टी मिळून आजार ठरतो. सीबीसीटीत त्यातली फक्त चौथी दिसते, तीही जागेपणीची.

आता स्कॅनच्या खोलीत चला, कारण इथेच घोडं पेंड खातं. तुम्हाला बसवलं किंवा उभं केलं असेल, हनुवटी एका टेकूवर, समोर चावायला छोटी दांडी, कपाळाला पट्टा. ऑपरेटर म्हणाला असेल 'हलू नका, गिळू नका', आणि यंत्र डोक्याभोवती साधारण १० ते २० सेकंदांत एक फेरी मारून गेलं. एवढ्या वेळात माणूस श्वास घेत असेल तर तीनचार श्वास होतात, म्हणजे चित्रात आलेली नळी ही कुठल्याही एका क्षणाची नाही, श्वास घेताना आणि सोडताना सरमिसळ झालेली आहे. 'गिळू नका' म्हटलं की नेमकी लाळ सुटते आणि माणूस अर्ध्यात गिळतो, मग जीभ वर टाळूला, मऊ टाळू मागे घशाच्या भिंतीला टेकलेला, आणि चित्रात नळी बंद दिसते. अशा स्कॅनवर 'श्वासमार्ग पूर्ण बंद' असं लिहिलेला रिपोर्ट मी पाहिलाय. पूर्ण बंद असता तर पेशंट त्या खुर्चीतच कोसळला असता ना! हायॉइड हाड, म्हणजे जिभेच्या मुळाखालचं छोटं हाड, वर उचललेलं आणि चित्राच्या कडा पुसट असल्या की मी आधी गिळल्याचा संशय घेते, मग बाकीचं बघते.

दुसरी गोष्ट मानेची. हनुवटी छातीकडे गेली की घशाची नळी लहान होते, मान जरा मागे गेली की मोठी होते, बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करायला डोकं मागे कलवतात ते उगाच नाही. हनुवटीच्या टेकूची उंची पेशंटला नीट लावली नाही, ऑपरेटर घाईत होता, पेशंट उंच होता आणि वाकून बसला, एवढ्यानेही आकडा हलतो. एकदा माझ्याकडे एकाच माणसाचे दोन स्कॅन तुलनेसाठी आले, मधे आठ महिने. पाठवणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही दिलेल्या उपकरणाने श्वासमार्गाचं आकारमान जवळपास दीडपट झालं, तसं लिहून द्या. मी दोन्ही स्कॅनमधले मानेचे मणके एकमेकांवर ठेवून पाहिले तर पहिल्यात मान खाली घातलेली, दुसऱ्यात डोकं चांगलं मागे कललेलं, आणि पहिल्यात दात चावलेले तर दुसऱ्यात तोंड किंचित उघडं. मी लिहिलं की दोन्ही वेळची स्थिती वेगळी असल्याने तुलना करता येणार नाही. त्यांनी पुन्हा मला स्कॅन पाठवला नाही, असो.

तिसरी गोष्ट, बसणं आणि झोपणं. आडवं झालं की जीभ आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनाने मागे सरकतात. सीबीसीटीची बहुतेक यंत्रं बसून किंवा उभ्याने स्कॅन करणारी आहेत, काही थोडी आडवं झोपवून करतात. पण आडवं झोपवून जरी काढलं तरी माणूस जागाच, स्नायू कामावरच. म्हणजे आजार घडतो तो झोपेत आणि आडवं असताना, फोटो आपण काढतो जागेपणी आणि बसवून, आणि मग त्या फोटोवरून सुतावरून स्वर्ग गाठतो.

आता तुमच्या लाल रंगाकडे येऊ. तो रंग शरीराचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. नळीच्या आत एका ठिकाणी क्लिक करायचं, वरची आणि खालची हद्द आखायची, आणि कुठल्या राखाडी छटेपर्यंतचं हवा समजायचं तो थ्रेशोल्ड ठरवायचा, की सॉफ्टवेअर आतली जागा भरून काढतं आणि कमी क्षेत्रफळाला लाल, जास्तीला हिरवा-निळा रंग देतं. थ्रेशोल्डची ती पट्टी मी जरा इकडेतिकडे सरकवली की नळी फुगते किंवा आकसते, माझ्या डोळ्यांदेखत, पेशंटच्या शरीरात काहीही न बदलता. हॉस्पिटलच्या मोठ्या सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक छटेला ठरलेला प्रमाणित आकडा असतो, सीबीसीटीत तो तसा भरवशाचा नसतो, यंत्रागणिक बदलतो, म्हणून एका क्लिनिकचं आकारमान दुसऱ्याच्या आकारमानाशी लावून बघायचं नसतं. एकाच यंत्रावर, एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच माणसाने मोजलं तर आकडे आपापसात बऱ्यापैकी जुळतात. पण पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणं वेगळं आणि ते उत्तर बरोबर असणं वेगळं.

धोक्याच्या सीमा कुठून आल्या? ५२ च्या खाली जास्त धोका, ५२ ते ११० मधला, ११० च्या वर कमी, असे चौरस मिलिमीटरचे आकडे आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं फिरतायत. तुमचे ६८ त्या मधल्या पट्ट्यात बसतात. आता जरा कागद-पेन्सिल घ्या. घशाची नळी आडवी लंबगोल असते असं धरा, १७ मिमी रुंद आणि पुढून मागे ५ मिमी खोल, तर क्षेत्रफळ येतं साधारण ६७. म्हणजे तुमच्या एवढंच. जीभ १ मिलिमीटर मागे गेली, खोली ४ झाली, की ५३, जास्त धोक्याच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर. जीभ ३ मिलिमीटर पुढे आली, खोली ८, की १०७, कमी धोक्याच्या दारात. तीन-चार मिलिमीटर जीभ तर आपण आवंढा गिळताना हलवतो, आणि या हालचालीवर कुणाला आयुष्यभराच्या आजाराचं लेबल लावायचं का? २०१९ साली अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने या विषयावर जो श्वेतपत्रिकावजा अहवाल काढला त्यातही स्पष्ट म्हटलंय की श्वासमार्गाचं थ्रीडी इमेजिंग स्लीप ॲप्नियाच्या निदानासाठी वापरू नये. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे रोज हीच चित्रं बघणारी मंडळी, त्यांनी स्वतःहून हात मागे घेतलाय हे लक्षात घ्या.

लोकांना वाटतं यात धोका उगाच घाबरवण्याचा आहे. मला जास्त भीती उलट्या चुकीची वाटते आणि ती चूक मी स्वतः केलीय. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांचा स्कॅन आला होता, अक्कलदाढेसाठी. श्वासमार्गावरही दोन ओळी लिहा अशी विनंती होती. नळी मस्त रुंद, २०० च्या वर, मी लिहिलं 'श्वासमार्ग नॉर्मल', आणि विसरले. दीड-दोन वर्षांनी तेच गृहस्थ दुसऱ्या दाताच्या कामाला आले, सोबत झोपेच्या टेस्टचा रिपोर्ट, एएचआय ४७. म्हणाले, 'बायको कधीची मागे लागली होती टेस्ट कर टेस्ट कर, पण तुमच्या रिपोर्टमध्ये नॉर्मल लिहिलं होतं ना मॅडम, म्हणून मी तिला गप्प केलं.' मला त्या दिवशी काही बोलायला सुचलं नाही. तेव्हापासून श्वासमार्गाबाबतीत 'नॉर्मल' हा शब्द मी लिहीतच नाही. 'जागेपणी, बसलेल्या स्थितीत काढलेल्या स्कॅनमध्ये अमुक जागी इतकं माप, यावरून झोपेतल्या श्वासाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, घोरणं किंवा दिवसा झापड असल्यास झोपेची तपासणी सुचवावी' असं लांबलचक लिहिते, काही डॉक्टर वैतागतात, वैतागू देत.

इथपर्यंतचं एवढंच की स्कॅन 'आजार आहे का' याचं उत्तर देत नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. मग दंत-इमेजिंगचा या आजारात उपयोग काय? भरपूर आहे, फक्त क्रम वेगळा. टेस्टमध्ये आजार ठरला की पुढचे प्रश्न असतात कुठे आणि कशाने, आणि तिथे हाडं दाखवणारा स्कॅन कामाला येतो.

मी स्कॅन उघडला की आधी जबडे बघते. खालचा जबडा लहान किंवा मागे आहे का, वरचा जबडा अरुंद आणि टाळू उंच आहे का, कारण जीभ तीच आणि डबा छोटा असेल तर ती मागेच जाणार. तुमच्यासारख्या वजन नसलेल्या पेशंटमध्ये तर मी हे हमखास बघते, बारीक माणसाला ॲप्निया निघाला की बरेचदा कारण जबड्यात सापडतं. मग हायॉइड हाड, ते खालच्या जबड्याच्या कडेपासून किती खाली लोंबतंय ते. ॲप्नियाच्या पेशंटमध्ये ते सरासरीपेक्षा खाली असतं आणि हे मोजायला सीबीसीटीही लागत नाही, साधा लॅटरल सेफ पुरतो, बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, १९३१ पासून चालत आलेली पद्धत, रेडिएशन अगदी थोडं. नंतर मऊ टाळूची लांबी-जाडी. मग नळीचा सर्वांत अरुंद भाग टाळूच्या मागे आहे की जिभेच्या मागे, आणि तिथला आकार कसा आहे, आडवा लंबगोल की दोन्ही बाजूंनी चेपलेला, कारण बाजूच्या भिंती आत येत असतील तर नुसती जीभ पुढे ओढून किती फरक पडेल याचा विचार करावा लागतो. नाकाचा पडदा वाकडा आहे का, नाकातले टर्बिनेट, म्हणजे आतल्या बाजूचे उंचवटे, सुजलेत का, सायनस भरलेत का, टॉन्सिल मोठे आहेत का. नाक बंद असणाऱ्याला सीपॅपचा, म्हणजे झोपेत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क सहन होत नाही आणि माउथपीसही नीट लागू पडत नाही, म्हणून ही साधी वाटणारी ओळ ईएनटीवाल्यांना खूप उपयोगी पडते.

जे दिसत नाही तेही सांगते. सीबीसीटीत हवा आणि मांस यातला फरक स्पष्ट दिसतो, हाड तर उत्तमच, पण स्नायू कुठे संपला आणि चरबी कुठे सुरू झाली हे कळत नाही, दोन्ही एकाच राखाडी रंगाचं. जिभेत चरबी किती साठलीय, घशाच्या बाजूला किती, हे एमआरआयचं काम. आणि नळी झोपेत नेमकी कुठे मिटते हे प्रत्यक्ष बघायचं तर औषधाने गुंगी देऊन नाकातून दुर्बीण घालतात, ती तपासणी ईएनटी सर्जन करतात, ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा बहुधा. जबडे पुढे आणण्याचं मोठं ऑपरेशन ठरलं तर मात्र सीबीसीटीशिवाय प्लॅनिंग होत नाही, दोन्ही जबडे साधारण १० मिमी पुढे आणायचे म्हणजे नसा कुठून जातात, हाड किती जाड आहे, सगळं मोजूनच हात घालायचा.

एक अवांतर पण महत्त्वाचं. ओपीजीत, म्हणजे सगळे दात एका फिल्मवर दिसतात त्या एक्स-रेत, मानेच्या बाजूला कधीकधी बारीक पांढरे ठिपके दिसतात, कॅरोटिड रक्तवाहिनीत साठलेल्या कॅल्शियमचे. ॲप्निया असणाऱ्यांत ते जास्त आढळतात. घशाचं रंगीत चित्र नाही बघितलं तरी चालेल पण हे ठिपके दिसले आणि न सांगता सोडून दिले तर माझ्या मते ती खरी चूक.

तुमच्या स्कॅनबद्दल मला आणखी एक विचारायचंय. चार इम्प्लांटसाठी साधारण जबड्यापुरतं फील्ड, म्हणजे स्कॅनमध्ये येणारा भाग, पुरतं. अशा छोट्या फील्डमध्ये घसा पूर्ण येत नाही, खाली कापला जातो, आणि कापलेल्या नळीचं आकारमान सांगण्यात काही अर्थ नसतो. फील्ड मोठं घेतलं असेल तर ते का घेतलं हे विचारायला हरकत नाही. मोठ्या फील्डच्या सीबीसीटीचं रेडिएशन ओपीजीच्या कितीतरी पट असू शकतं. एकदा काढलंय तर आता त्याची काळजी करत बसू नका, पण नुसता श्वासमार्ग बघायला म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

आता माउथपीसबद्दल. ते वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही, सौम्य आणि मध्यम आजारात आणि ज्यांना सीपॅप झेपत नाही त्यांच्यात ते छान काम करतं. पण ते काम कसं करतं ते कळलं की टेस्ट आधी का ते आपोआप कळेल. खालचा जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो त्याच्या साधारण निम्म्या ते पाऊण अंतरावर धरतात, सुरुवात कमी ठेवून हळूहळू पुढे नेतात, आणि शेवटी ते घालून झोपेची टेस्ट पुन्हा करतात. आधीचा आकडाच नसेल तर नंतरचा कशाशी ताडून बघणार? 'घोरणं थांबलं' हे पुरावा म्हणून धरू नका, आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो आणि घरचे निश्चिंत होतात, ही फार वाईट अवस्था. आणि तुमचा एएचआय ४० निघाला, ऑक्सिजन खूप खाली जात असला, तर पहिला उपाय माउथपीस नसेलच, स्लीप फिजिशियन सीपॅप सुचवतील.

शिवाय तुमच्या बाबतीत दातांचा वेगळा पेच आहे. हे उपकरण दातांना धरून बसतं आणि रात्रभर जबडा मागे जायचा जोर लावत असतो, तो सगळा भार दातांवर. चार दात नाहीत, तिथे इम्प्लांट बसायचेत, नवा इम्प्लांट हाडात घट्ट व्हायला काही महिने लागतात, त्या काळात त्यावर जोर नको. आत्ता माउथपीस बनवलं आणि नंतर त्या इम्प्लांटवर कॅप आल्या की ते बसणारही नाही, पुन्हा नवं करा. हिरड्या, बाकीच्या दातांची पकड, जबड्याच्या सांध्याची स्थिती, हे सगळं आधी तपासायचं असतं, आणि हो, हे तुमच्या स्कॅनमध्ये खरोखरच नीट दिसतं. बऱ्याच वर्षांच्या वापराने चावा थोडा बदलतो, हेही आधी सांगायला हवं होतं तुम्हाला.

प्रश्नाखालच्या एका प्रतिक्रियेत कुणीतरी लिहिलंय की लहानपणी क्लिप लावताना दात काढले म्हणून ॲप्निया होतो. २०१५ साली साडेपाच हजारांहून जास्त लोकांच्या वैद्यकीय नोंदी ताडून बघितल्या गेल्या, पुढच्या दाढा काढलेले आणि न काढलेले, दोन्ही गटांत ॲप्नियाच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक नव्हता. ती भीती काढून टाका. आणि लहान मुलांचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिथे अडेनॉइड-टॉन्सिल मुख्य, एएचआयच्या सीमाही वेगळ्या, वाढीबरोबर नळी आपोआप मोठी होत जाते, त्यामुळे इथलं काही मुलांना लावू नका, स्वतंत्र प्रश्न विचारा.

तर तुम्ही काय करायचं. आज रात्री एपवर्थ स्केल भरा, आठ प्रसंग असतात, प्रत्येकात झोप लागण्याची शक्यता ० ते ३, बेरीज १० च्या वर गेली तर झापड नॉर्मलपेक्षा जास्त. स्टॉप-बँग नावाची हो-नाहीची आठ प्रश्नांची यादी आहे, त्यात ३ किंवा जास्त 'हो' आले तर धोका मध्यम, ५ किंवा त्याहून अधिक आले तर जास्त. ही दोन्हीही निदानं नव्हेत, पण फुकटात होतात, रेडिएशन नाही, आणि टेस्टची घाई किती ते ठरवायला ६८ या आकड्यापेक्षा मला ती जास्त कामाची वाटतात. घरच्या कुणाला तरी सांगा रात्री पाच मिनिटं मोबाइलवर व्हिडिओ काढायला, पाठीवर झोपलेले असताना, घोरता घोरता अचानक शांतता आणि मग धाप लागल्यासारखा श्वास असं होतं का ते बघायला. हे सगळं घेऊन स्लीप फिजिशियनकडे जा. घरी करायची टेस्ट बहुतेक वेळा पुरते, पण तिच्यात बरेचदा मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे तुम्ही जागे पडून राहिलात तो वेळही तासांत धरला जातो आणि आकडा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक आणि घरची टेस्ट स्वच्छ असं झालं तर तिथे थांबू नका, रात्रभर लॅबमध्ये राहून करायची टेस्ट मागा. आणि मीटिंगमध्ये डोळा लागतोय तोवर लांबचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या, यात चालढकल नको.

इम्प्लांटचं काम टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवायची बहुधा गरज नाही, पण इम्प्लांट करणाऱ्यांना सांगून ठेवा की पुढे माउथपीस लागू शकतं, आणि गुंगीचं इंजेक्शन देऊन करणार असतील तर घोरण्याचं आणि संशयाचं आधीच सांगा, ॲप्नियावाल्यांना गुंगीत श्वासाचा त्रास होऊ शकतो.

आणि क्लिनिकमधून ते रंगीत पीडीएफ नको, मूळ डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनचा पूर्ण कच्चा डेटा, मागून घ्या, पेनड्राइव्हवर देतात. टेस्टमध्ये काही निघालं तर पुढचा डॉक्टर त्याच फाइल्स उघडून जबडा, नाक, सांधा सगळं बघू शकेल, पुन्हा स्कॅन काढायला लागणार नाही. टेस्टचा आकडा आला की इथेच लिहा, फक्त एएचआय नको, ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला आणि पाठीवर झोपल्यावरचा आकडा वेगळा दिलाय का तेही लिहा.